फेडरलिस्टांचं काळं फूल

१

काचपेटीला कुलूप होतं. काच शाबूत होती. आत मखमलीची गादी होती आणि त्या गादीवर, काल जिथे काळं फूल ठेवलेलं होतं तिथे, नुसता एक गोल खळगा उरला होता.

"मावशी, मी मेले," मृण्मयी म्हणाली.

"मरायचं नंतर बघू. आधी सांग, या कुलपाची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडेच. एकच आहे. कोटाच्या खिशात."

"आणि काल कोट कुठे होता?"

मृण्मयीनं डोळे मिटले. "खालच्या हॉलमध्ये. स्टँडवर. सगळ्यांचेच कोट तिथे होते."

शामलामावशींनी पुढे विचारलं नाही. पुण्यात तीस वर्षं त्यांनी विमा कंपन्यांसाठी सर्व्हेअरचं काम केलं होतं. जळालेली गोदामं, फुटलेली दुकानं आणि चोरीला गेलेले, पण मुळात कधी नसलेले हार त्यांनी पाहिले होते. निवृत्तीनंतर ट्यूलिप बघायला म्हणून त्या भाचीकडे लायडनला आल्या आणि आल्या त्या ऐन जानेवारीत. ट्यूलिपचा पत्ता नव्हता, होतं ते फक्त धुकं. त्यामुळे बाईंचा मूड आधीच जरा तिरसट होता.

पण काल संध्याकाळी याच पेटीपुढे त्यांची बोलती बंद झाली होती. हाताच्या पंजात मावेल एवढं ते रेशमी रिबिनीचं फूल. सव्वादोनशे वर्षांपूर्वी फिलाडेल्फियाच्या रस्त्यावर एका माणसानं ते टोपीवर लावलं होतं. आपण त्याच्यापासून एका काचेच्या अंतरावर उभ्या आहोत हे लक्षात आल्यावर मावशींच्या अंगावर सरसरून काटा आला होता. खोट्या हारांमध्ये उभी हयात घालवलेल्या बाईला खऱ्या वस्तूचं असं होतं.

"हे फूल द्यायला फान डाइक बाईंनी मोठमोठ्या म्युझियमना नाही म्हटलंय, मावशी. दोन वर्षं मी त्यांच्याकडे चहाला जातेय. शेवटी म्हणाल्या, कागदबिगद राहू दे, तुझ्या शब्दावर देते. बाकी नोकरी-बिकरी जाईल ती जाईल. पण त्यांना तोंड कसं दाखवू?"

प्रदर्शनाचं उद्घाटन दुपारी होतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला अडीचशे वर्षं झाली म्हणून मृण्मयीच्या संस्थेनं तिथल्या पहिल्या दोन राजकीय पक्षांवर ते भरवलं होतं. फान डाइक बाई नायमेखनहून यायच्या होत्या.

तेवढ्यात मृण्मयीचा फोन वाजला. मेसेज वाचून ती भिंतीला टेकली.

"त्या लवकर निघाल्यात. ट्रेनमध्ये बसल्यासुद्धा."

२

खालच्या हॉलमध्ये नीलिमा बापट आवराआवर करत होत्या. त्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष होत्या. काल रविवारी इथे मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम झाला होता. सगळा हॉल काळाभोर. बायका चंद्रकळा नेसलेल्या, पुरुष काळ्या कुर्त्यात, लहान बाळं हलव्याचे दागिने घालून रडत होती. मृण्मयीनं मंडळींना उद्घाटनाआधीच वरचं प्रदर्शन दाखवलं होतं.

या मंडळात सध्या उभी फूट होती. नीलिमाबाईंचं म्हणणं, साऱ्या देशात एकच भक्कम मंडळ हवं, एक घटना, एक कार्यकारिणी. न्यूनेनच्या देवदत्त कर्णिकांचं म्हणणं, ज्या त्या गावानं आपला गणपती आपण बसवावा, लायडनकरांनी आम्हाला शिकवू नये. मृण्मयी काल प्रदर्शन दाखवताना हसत म्हणाली होती, "अमेरिकेत हेच भांडण झालं. फेडरलिस्टांना मजबूत केंद्र सरकार हवं होतं, त्या वेळच्या रिपब्लिकनांना, आजच्या नव्हे, राज्यांचा अधिकार. फक्त त्यांच्यात गणपती नव्हता." त्यावर दोन्ही गट हसले होते, पण एकमेकांकडे न बघता.

"चोरीला गेलं?" नीलिमाबाई मटकन खुर्चीवर बसल्या. "अहो, पण दारात तो सुरक्षारक्षक योस्ट प्रत्येकाची बॅग बघत होता. माझी तिळगुळाची पिशवीसुद्धा उपसली त्यानं."

"काल काही वेगळं दिसलं का तुम्हाला? कुणाचं वागणं?"

"वेगळं म्हणजे चांगलंच दिसलं." नीलिमाबाईंचा आवाज एकदम मऊ झाला. त्या हातातलं काम करतच बोलत होत्या. त्यांनी काळ्या साटीनच्या रिबिनीची तीस फुलं स्वतः शिवली होती, आणि कालचे ते बिल्ले आता अंड्यांच्या तीस खळग्यांच्या रिकाम्या खोक्यात, एकेका खळग्यात एकेक, जपून ठेवत होत्या. पुढच्या वर्षी उपयोगी पडतील असा हिशोब. "ही फुलं मी आमच्या स्वयंसेवकांसाठी केली होती. देवदत्तच्या लोकांनी लावायला साफ नकार दिला. पण मृण्मयीच्या ऑफिसातला तो प्रतीक आहे ना, तो देवदत्तच्या गटातला. जाताना बघते तर त्याच्या छातीवर आपलं काळं फूल! लावून तसाच घरी गेला. मला इतकं भरून आलं म्हणून सांगू. म्हटलं, एवढ्या वादात एक तरी मोठ्या मनाचा माणूस निघाला."

"वा," मावशी म्हणाल्या, आणि त्यांना ते मनापासून आवडलं.

नीलिमाबाईंनी शेवटचं फूल शेवटच्या खळग्यात बसवलं, सगळी जागच्या जागी आहेत ना ते एकदा निरखलं आणि समाधानानं झाकण लावलं. मग मावशींचा हात धरून त्या हळूच म्हणाल्या, "एक सांगू? देवदत्त काल बराच वेळ वर एकटाच होता."

३

देवदत्त कर्णिक आयटीवाले. ते न्यूनेनच्या घरातून काम करत होते. मृण्मयीनं फोन लावला तेव्हा त्यांच्या मागे मुलगी डच भाषेत आईशी काहीतरी वाद घालत होती.

"काकू, मी वर एकटा होतो ते खरंय," मावशींनी विचारल्यावर ते म्हणाले. "खाली नीलिमाताईंचं भाषण चाललं होतं. ते मी गेल्या वर्षी ऐकलंय, त्याच्या आदल्या वर्षीपण ऐकलंय. म्हणून वर जाऊन त्या बोर्डवरची माहिती वाचत बसलो."

"काय वाचलंत?"

"ते अठराशे एकचं." देवदत्तांचा स्वर बदलला. "मला खरंच माहीत नव्हतं हो. इतकी जहरी निवडणूक. एकमेकांना देशद्रोही म्हणत होते, वर्तमानपत्रांतून वाट्टेल ते छापत होते. आणि हरल्यावर फेडरलिस्टांनी सत्ता देऊन टाकली. एक गोळी न झाडता. तोवर असं कुणी फारसं बघितलेलंच नव्हतं. मी ते दोनदा वाचलं. मग वाटलं, आपण एका मंडळाच्या अध्यक्षपदासाठी काय चालवलंय हे!"

मावशींना त्यांच्याबद्दल एकदम बरं वाटलं. "मग ते काळं फूल का नाही लावलंत? तेवढ्यानं वाद मिटला असता."

"ते शक्य नाही," देवदत्त ताबडतोब पूर्वपदावर आले. "मीटिंगमध्ये ठरलं होतं आमचं. त्यांचा बिल्ला कुणीही लावायचा नाही. आणि आमच्यातल्या एकानंही लावला नाही, याचा मला अभिमान आहे. शब्द म्हणजे शब्द."

"सगळे होते मीटिंगला?"

"जवळजवळ सगळे. प्रतीक कॉन्फरन्सला गेला होता. त्याला ग्रुपवर कळवलंय मी, पण तो पठ्ठ्या मेसेज वाचेल तर शपथ!"

फोन ठेवल्यावर मावशी खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली कालव्याच्या कठड्याला सायकली टेकून ठेवल्या होत्या आणि धुक्यात त्यांची फक्त हँडलं दिसत होती. त्यांच्या डोक्यात काहीतरी टोचत होतं, पण ते काय आहे ते सापडेना.

"मावशी," मृण्मयी मागून म्हणाली, "योस्ट म्हणतोय की काल दारातून बाहेर पडलेल्या प्रत्येकाची बॅग त्यानं उघडून पाहिली. कोटाचे खिसेसुद्धा. तो खोटं बोलणारा माणूस नाही. मग फूल बाहेर गेलं तरी कसं?"

४

प्रतीक वरच्या मजल्यावर स्वतःच्या टेबलाशी होता. मृण्मयी आणि तो एकाच खोलीत बसत. त्याचं संशोधन फेडरलिस्टांवर, तिचं रिपब्लिकनांवर. करार मात्र फक्त तिचाच वाढला होता, त्याचा वसंतात संपत होता. चेहरा ओढलेला, दाढी वाढलेली. मावशींना पाहताच तो उठून उभा राहिला.

"ऐकलं मी, काकू. भयंकर झालं. मृण्मयी कशी आहे?"

"उभी आहे अजून. मला एक समजावून सांग. या फुलाचं एवढं काय आहे?"

विषय निघाला आणि त्याच्या चेहऱ्यावर तजेला आला. "सतराशे अठ्ठ्याण्णव साल, काकू. फ्रान्सशी युद्ध होणार अशी हवा होती. फेडरलिस्ट तरुण टोपीवर काळं कॉकेड, म्हणजे असं रिबिनीचं फूल, लावून हिंडायचे. रिपब्लिकन लोक फ्रान्सच्या बाजूचे, त्यांचं लाल-पांढरं-निळं. म्हणजे तोंड उघडायच्या आधी माणसाचा पक्ष कळायचा. चुकीच्या गल्लीत शिरलात तर फूल ओढून काढायचे आणि वर मार. आणि ज्या राष्ट्राध्यक्ष अ‍ॅडम्सच्या नावानं काळी फुलं मिरवायचे, तो त्याआधी याच लायडनमध्ये राहून गेलेला. मी रोज सायकलवरून येताना हे आठवतो. रोज."

त्याच्या आवाजातली भक्ती खरी होती. मावशींनी खोटी भक्ती पुष्कळ पाहिली होती, फरक त्यांना कळत होता.

"आणि हे फूल कुणाचं?"

"कॉर्नेलिस फान डाइकचं. लायडनचा कापडवाला. इथे राजपुत्राच्या बाजूच्या लोकांनी घर लुटलं म्हणून अमेरिकेला पळाला. घराण्यात त्याची ख्याती अशी की मरेपर्यंत कट्टर फेडरलिस्ट, एकदाही डळमळला नाही. पण मला ते फूल जरा जाड वाटायचं. काळ्या रेशमाच्या एका पदराला एवढा फुगीरपणा नको. मी बाईंना म्हटलं होतं, मागून एकदा बघू द्या. त्या म्हणाल्या, आमच्या पूर्वजाची तपासणी करायची नाही."

"नीलिमा तुझं कौतुक करत होत्या," मावशी सहज म्हणाल्या. "काल त्यांचं फूल लावलंस म्हणून."

प्रतीकनं समोरचे कागद सारखे केले. "हो... म्हटलं, सगळ्यांनीच लावलंय."

मावशी जिना उतरू लागल्या. अर्ध्यावर त्यांचे पाय थांबले. मघापासून डोक्यात टोचत होतं ते आता स्वच्छ दिसलं, आणि दिसलं तेव्हा त्यांना आनंद झाला नाही.

दारावरची घंटा वाजली. योस्टनं दार उघडलं. पांढऱ्या केसांची एक उंच म्हातारी छत्री झटकत आत आली.

५

"मृण्मयी, बाईंना कॉफी दे आणि बसवून ठेव. वर यायला सांगेन तेव्हाच आण," एवढं सांगून मावशी उलट्या पावली जिना चढल्या. प्रतीकच्या खोलीत शिरून त्यांनी दार लावून घेतलं.

"कुठे आहे ते?"

"काय, काकू?"

"बस खाली. मी सांगते, चुकलं तर थांबव." मावशी त्याच्या समोर बसल्या. "बॅगा उघडल्या गेल्या, खिसे उघडले गेले. मग काळं फूल बाहेर न्यायची एकच जागा उरते. छातीवर. वर्षात एरवी कुठल्याही दिवशी हे जमलं नसतं. आपल्या समारंभात काळं फूल लावून कुणी आलं असतं तर म्हाताऱ्याकोताऱ्यांनी दारातच झापलं असतं. पण काल संक्रांतीचा कार्यक्रम होता. स्टँडवरच्या कोटातून किल्ली घेतलीस, वर जाऊन पेटी उघडलीस, जिन्यावर आणि दारात उभ्या असलेल्या स्वयंसेवकांच्या छातीवर तशीच फुलं दिसली, म्हणून तूही लावलंस. आणि किल्ली परत खिशात टाकून सगळ्यांदेखत निघून गेलास."

"नीलिमाताईंचं फूल होतं ते. कुणीतरी दिलं."

"नीलिमांची सगळी फुलं परत आलीत. अंड्याच्या खोक्यात एक खळगा रिकामा नाही. तुझं मात्र तू घरी घेऊन गेलास, असं त्याच सांगतात. मग तुझ्या छातीवर होतं ते कुणी शिवलेलं?"

प्रतीकची नजर टेबलाच्या खणाकडे गेली.

"तुझी चूक कुठे झाली सांगू? तुला वाटलं, काळं फूल म्हणजे संक्रांतीची सजावट. सगळ्यांची. ते एका गटाचं होतं, आणि तुझा गट दुसरा. मीटिंगला तू नव्हतास, मेसेज तू वाचत नाहीस. अरे, त्या काळी चुकीचं फूल लावून निघालेला माणूस गल्लीतल्या पोरालाही ओळखू यायचा, हे आत्ता तूच मला शिकवलंस! आयुष्यभर जे वाचलंस ते स्वतःच्या मंडळात ओळखू आलं नाही तुला."

मग प्रतीकनं टेबलाचा खण उघडला आणि पातळ पांढऱ्या कागदात गुंडाळलेली एक छोटी पेटी बाहेर काढली.

"मी विकणार नव्हतो, काकू. देवाशपथ. एकदा मागून बघायचं आणि सकाळी मृण्मयीनं कोट टांगला की पुन्हा किल्ली काढून परत ठेवायचं, एवढंच होतं डोक्यात. पण तुम्ही दोघी सरळ पेटीपुढेच येऊन उभ्या राहिलात. माझा करार संपतोय. काहीतरी सापडलं असतं तर... आणि सापडलंय. म्हणूनच रात्रभर झोप नाही."

"काय सापडलंय?"

त्यानं फूल उपडं केलं. मागच्या कापडी अस्तराचा एक टाका कधीचाच झिजून सुटला होता. चिमट्यानं त्यानं ते टोक किंचित उचललं, बोटभर उजेड आत पाडला आणि भिंग मावशींच्या हातात दिलं.

मावशी वाकल्या. आधी त्यांना काही कळलं नाही. मग काळ्याच्या आत लाल दिसलं. त्याच्याशेजारी पांढरं. आणि निळं. सव्वादोनशे वर्षांत उजेड न पाहिल्यामुळे रंग काल शिवल्यासारखे ताजे होते.

"काळं नंतर चढवलंय," प्रतीक कुजबुजला. "आतलं काढून टाकलं नाही. त्यावरच शिवलं. हा माणूस आधी रिपब्लिकन होता, काकू. शहर बदललं, वारं बदललं, त्यानं वरून काळं लावलं आणि जुनं आत ठेवलं. रोज डोक्यावर दोन्ही घेऊन हिंडत होता."

एक माणूस दिव्याशी बसून सुई ओवतो आहे, जुनं फूल उसवायला हात धजत नाही, शेवटी त्यावरच टाके घालतो आहे, असं काहीतरी मावशींना इतकं स्पष्ट दिसलं की त्यांचे डोळे भरून आले. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना लपवलेलं पुष्कळ सापडलं होतं. इतक्या मायेनं लपवलेलं काही पहिल्यांदाच पाहत होत्या.

जिन्यावर पावलं वाजली. फान डाइक बाईंना कॉफीत रस नव्हता.

६

बाई दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे मृण्मयी होती, पांढरीफटक. टेबलावरचं उपडं फूल दोघींनी एकदमच पाहिलं.

"हे पेटीत का नाही?" बाईंनी विचारलं.

सोपं उत्तर मृण्मयीच्या जिभेवर आलं असणार. स्वच्छतेसाठी काढलं, फोटोसाठी काढलं, काहीही चाललं असतं. मावशी तिच्याकडे पाहत होत्या आणि त्यांनी तिला खूणसुद्धा केली नाही. हे तिचं तिनं ठरवायचं होतं.

"कारण मी तुमचा शब्द नीट सांभाळला नाही," मृण्मयी म्हणाली. "किल्ली कोटात ठेवून कोट उघड्यावर टांगला. काल रात्री हे फूल या इमारतीबाहेर गेलं होतं. आता ते परत आलंय, पण ते माझ्यामुळे नाही."

"ते मी नेलं होतं," प्रतीक उठून म्हणाला. "तुम्ही नाही म्हटलं होतंत, तरी नेलं. आज दुपारच्या आत प्रोफेसरांनाही मी हेच सांगणार आहे. तिचा यात काही दोष नाही."

बाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. चेहरा कोरा होता. "आणि बघितलंस? जे बघायचं होतं ते?"

"हो."

"मला दाखव."

प्रतीकनं मावशींकडे पाहिलं, मावशींनी मान हलवली. त्यानं पुन्हा चिमटा धरला, मृण्मयीनं टेबलावरचा दिवा जवळ ओढला. बाई खुर्चीत बसल्या, भिंग डोळ्याशी नेलं आणि तशाच राहिल्या. मृण्मयीही त्यांच्या खांद्यावरून वाकली आणि तिच्या तोंडून नकळत "अगं आई" निघालं. एका फुलात तिच्या प्रदर्शनातले दोन्ही पक्ष होते.

बाईंनी भिंग खाली ठेवलं. मावशींना वाटलं, आता संपलं. घराण्याची सव्वादोनशे वर्षांची ऐट आपण मोडून ठेवली.

"माझा एक भाऊ होता," बाई सावकाश म्हणाल्या. "पीटर. एका निवडणुकीत त्यानं वडिलांच्या पक्षाला मत दिलं नाही आणि जेवताना ते सांगून टाकलं. वडिलांनी हेच फूल कपाटातून आणून त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. म्हणाले, हा बघ, आपल्या घरातला न बदलणारा माणूस. तू याच्या रक्ताचा नाहीस. पीटर त्या रात्री घर सोडून गेला. मी तेव्हा गप्प बसले. पुढेही गप्पच बसले. गेल्या हिवाळ्यात तो वारला, ते मला शेजाऱ्यांकडून कळलं."

बाईंनी एक बोट पुढे करून काळ्या रेशमाच्या कडेला हलकेच लावलं. एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतःही ते कधी उलटून पाहिलं नव्हतं.

"याच्याच रक्ताचा होता की तो," त्या म्हणाल्या.

मग त्या उठल्या. छत्री हातात घेतली, पाठ ताठ केली आणि मृण्मयीला म्हणाल्या, "प्रदर्शन तुझंच आहे. किल्ली यापुढे गळ्यात बांध. आणि हा मुलगा त्याच्या प्रोफेसरांना सांगेल ते सांगू दे, पण यातलं त्यानं पाहिलंय ते त्याच्याच नावानं लिहिलं गेलं पाहिजे."

"आणि फूल?" मृण्मयीनं विचारलं. "पेटीत ठेवू ना परत?"

"ठेव," बाई म्हणाल्या. "पण उलटं."